कडेचा फोटो पाठवाल का?

जुने नाणे ऑनलाइन विकत घेताना आपण पैसे मोजतो ते दोन छायाचित्रांच्या भरवशावर. वर्णनात ‘दुर्मीळ’, ‘उत्तम स्थिती’, ‘खात्रीशीर अस्सल’ असे काहीही लिहिलेले असले, तरी ते शब्द कोणालाही लिहिता येतात. निर्णय होतो तो फोटो पाहूनच. नाशिकच्या सराफ बाजारातील एखाद्या जुन्या पेढीवर नाणे पाहायला बसलो, तर ते आपण हातात घेतो, उजेडाकडे तिरके धरून फिरवतो, अंगठ्याने कड चाचपतो आणि शेवटी काट्यावर टाकतो. मोबाइलच्या पडद्यावर यांतले काहीच करता येत नाही. ही सगळी कामे फोटोला करून दाखवावी लागतात, आणि नेमके याच कारणासाठी नाण्याच्या फोटोच्या अचूकपणाकडे मी फार गंभीरपणे पाहतो.

फोटो स्पष्ट असणे आणि फोटो अचूक असणे यांत मोठे अंतर आहे. नाण्याचा कोणताही फोटो काही ना काही गाळतोच, कारण उठावाची, चकाकणारी, दोन बाजू आणि एक कड असलेली वस्तू एका सपाट चित्रात पूर्ण उतरत नाही. काय गाळले गेले, यावर सगळे अवलंबून आहे. ज्या गोष्टीमुळे नाण्याची किंमत बदलली असती, ती गोष्ट फोटोत नसेल, तर तो फोटो कितीही देखणा असला तरी मी त्याला अचूक म्हणणार नाही.

नाणेशास्त्राच्या जुन्या ग्रंथांमधील चित्रफलक पाहिले, म्हणजे हा प्रश्न कॅमेऱ्याइतकाच जुना असल्याचे कळते. त्या काळी अनेक सूचींसाठी नाण्यांचे थेट फोटो न घेता आधी प्लॅस्टरचे ठसे घेत आणि त्या पांढऱ्या ठशांचे फोटो छापत. चांदीची चकाकी, तांब्याचा काळेपणा, डाग हे सगळे त्यात हरवत असे. परंतु अक्षरांचा आणि चिन्हांचा उठाव एकसारख्या उजेडात अतिशय स्वच्छ दिसत असे. अभ्यासकाला अक्षरे हवी होती, रंग नको होता, म्हणून त्याच्यापुरते ते चित्र अचूक होते. विकत घेणाऱ्याला मात्र पृष्ठभाग हवा असतो. घासलेला, पॉलिश केलेला, ओरखडे पडलेला की टाकसाळीतून निघाला तसा, यावरच भावाचा बराचसा भाग ठरतो. आज ऑनलाइन दिसणारे कितीतरी फोटो अक्षरे दाखवतात आणि पृष्ठभाग लपवतात.

हाताने पाडलेल्या नाण्यांच्या बाबतीत ही गोष्ट फार अवघड होते. मुघल आणि मराठा रुपये पाडायचे कोरीव ठसे बहुधा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठे असत. त्यामुळे ठशावरचा पूर्ण मजकूर एकाही नाण्यावर सहसा उमटत नाही. कोणावर बादशहाच्या नावाचा तुकडा येतो, कोणावर सालाचे दोन आकडे, कोणावर टाकसाळीचे नाव अर्धे कडेबाहेर गेलेले असते. आमच्या जिल्ह्यातील चांदवडची टाकसाळ संग्राहकांना चांगली माहीत आहे, आणि खुद्द नाशिकचे मुघलकालीन नाव ‘गुलशनाबाद’ हेही रुपयांवर आढळते. असा रुपया गुलशनाबादचा म्हणून विकत घेताना, त्या विशिष्ट रुपयावर ते नाव किती उमटले आहे, एवढाच खरा प्रश्न असतो. दुसऱ्या रुपयावर ते पूर्ण उमटले असेल, तर त्याचा मला काही उपयोग नाही. म्हणून ‘फोटो प्रातिनिधिक आहे’ अशी ओळ हाताने पाडलेल्या नाण्याखाली दिसली, की मी पुढे वाचतच नाही. एका विक्रेत्याने मला असाच एक रुपया पाठवला होता; फोटोत टाकसाळीचे नाव ठसठशीत होते आणि पाकिटातून निघालेल्या नाण्यावर त्या जागी सपाट चांदी होती. ‘प्रकार तोच आहे’ असे उत्तर मिळाले. प्रकार तोच होता हे खरे. पण मी प्रकार विकत घेतला नव्हता, एक नाणे घेतले होते, आणि ते नाणे दुसऱ्याच कोणाकडे होते.

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण नाशिक जिल्ह्यातलेच आहे. १९०६ साली जोगलटेंभी येथे क्षहरात घराण्यातील क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. त्यात १३,०००हून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी ९,०००हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. नहपानाचा पराभव झाला याचा हा धातूतला पुरावा. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या पांडवलेण्यात कोरून ठेवलेल्या दानलेखांत कार्षापणांचे, म्हणजे त्या काळच्या नाण्यांचे, हिशेब आहेत, आणि त्याच डोंगरातील दुसऱ्या लेण्यात सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने आपल्या मुलाच्या विजयाचे वर्णन कोरवले आहे. दोन्ही लेणी पाहून झाल्यावर असे फेरछाप नाणे हातात आले, तर इतिहास वाचल्यासारखा वाटत नाही, बोटांना लागतो.

असे नाणे जवळून पाहावे. मूळ छापात एका बाजूला नहपानाचा चेहरा आणि भोवती ग्रीक लिपीतला मजकूर असतो, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि त्यांच्याभोवती ब्राह्मी व खरोष्ठी अक्षरे. त्यावर सातकर्णीच्या टाकसाळीने एका बाजूस कमानींचा चैत्य आणि दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह (अधिकाच्या चार टोकांना चार वर्तुळे) ठोकले. समोरून पडलेल्या उजेडात फक्त नवी चिन्हे दिसतात. तेच नाणे उजेडाला जरा तिरके केले, की चैत्याच्या कमानीखालून नाकाची रेषा वर येते, केसांची किनार दिसू लागते, कडेला ग्रीक अक्षराचा एखादा पाय उभा राहतो. आणखी थोडे फिरवले, तर चेहरा विरतो आणि वज्राची टोके दिसतात. एकाच नाण्याचे दोन फोटो, एक समोरच्या उजेडातला आणि एक तिरक्या उजेडातला, शेजारी ठेवले तर ती दोन वेगळी नाणी आहेत असे कोणालाही वाटेल. खालचा चेहरा किती शिल्लक आहे यावर अशा नाण्याचे महत्त्व ठरते. म्हणून फेरछाप नाण्याला एका बाजूचा एकच फोटो पुरेसा नाही, असे मी विक्रेत्यांना आवर्जून सांगतो, आणि जे जाणकार आहेत ते न सांगताच तिरक्या उजेडातला फोटो जोडतात.

पडद्यावर नजर बसायची असेल, तर आधी ती खऱ्या नाण्यांवर बसलेली असावी लागते. या बाबतीत नाशिककर नशीबवान आहेत. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली संस्था १९८० पासून उभी आहे, डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या विद्वानाचे नाव तिच्या स्थापनेशी जोडलेले आहे. तिथल्या संग्रहालयात काचेसमोर उभे राहून आपण नुसते डावी-उजवीकडे सरकलो, तरी उजेड बदलताच नाणे कसे बदलते हे कळते. मोबाइलवर हजारो फोटो पाहून जे समजत नाही, ते तिथे एका दुपारी समजते. नव्याने नाणी घेऊ लागलेल्या मुलांना मी म्हणूनच आधी अंजनेरीला जाऊन यायला सांगतो.

आता यंत्रावर पाडलेल्या ब्रिटिशकालीन रुपयांकडे येऊ. ही नाणी छापाने एकसारखी असतात, त्यामुळे फोटोची गरज कमी असेल असा समज होतो. तो चुकीचा आहे, कारण येथे सगळा फरक पृष्ठभागात असतो. महाराष्ट्रात चांदीचे रुपये पिढ्यानपिढ्या देव्हाऱ्यात आणि लक्ष्मीपूजनाच्या ताटात राहिले. दर दिवाळीला ते घासूनपुसून लख्ख केले गेले. कोणी रांगोळीने घासले, कोणी दंतमंजनाने, कोणी चिंचेच्या कोळाने. त्या घरांनी ते श्रद्धेने केले आणि त्यात गैर काहीच नाही. पण संग्राहकाच्या दृष्टीने मूळ पृष्ठभाग त्यात गेला. भिंगाखाली राणीच्या गालावर एकमेकांना छेदणाऱ्या केसासारख्या बारीक रेषांचे जाळे दिसते, आणि मुकुटाच्या खाचेत कुंकवाचा लाल कण अजून अडकलेला सापडतो. समोरून फ्लॅश टाकून फोटो काढला, की त्या रेषा उजेडात बुडून जातात आणि नाणे कालच टाकसाळीतून आल्यासारखे झळकते. विक्रेता अशा फोटोखाली ‘मूळ चकाकी’ लिहितो, आणि कित्येकदा त्याला स्वतःलाही तसेच वाटत असते.

टाकसाळी चकाकी आणि पॉलिशची चकाकी यांतला फरक फोटोत पकडणे खरोखरच कठीण आहे. ठसा बसताना धातू मध्याकडून कडेकडे सरकतो आणि त्याच्या प्रवाहाच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. नाणे उजेडाखाली हलवले, की त्या रेषांवरून उजेडाचे पट्टे केंद्राभोवती फिरतात. पॉलिश केलेल्या नाण्यावर उजेड एका जागी चमकतो, फिरत नाही. स्थिर फोटोत ‘फिरणे’ येणार कुठून? त्यासाठी नाणे हळूहळू कलते करत काढलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ कोणत्याही महागड्या कॅमेऱ्याच्या फोटोपेक्षा जास्त सांगून जातो. रंगाचेही तेच. चांदीवर गंधकामुळे जो पातळ थर चढतो, त्याच्या जाडीनुसार उजेडात निळी, जांभळी, सोनेरी छटा उमटते आणि कोन बदलला की बदलते. त्यामुळे फोटोतले इंद्रधनुष्य हातात आल्यावर करडे निघाले, तर विक्रेत्याने रंग वाढवलेच असतील असे नाही; पण त्याने एकच कोन निवडला, आणि तो का निवडला हे उघड आहे.

बारीक तपशिलांवर किंमत ठरते, अशा ठिकाणी मोबाइलचा कॅमेरा सर्वांत जास्त घात करतो. व्हिक्टोरिया राणीचा १८६२ सालचा रुपया पुढे कित्येक वर्षे त्याच सालाने पाडला जात होता, आणि मागच्या बाजूस सालाखाली व वरच्या नक्षीत घातलेल्या बारीक ठिपक्यांच्या संख्येवरून संग्राहक त्याचे प्रकार ओळखतात. एखादा ठिपका कमी की जास्त, यावर भाव कुठल्या कुठे जातो. आजचे मोबाइल फोटो काढताना आपल्या मनाने खरबरीतपणा गुळगुळीत करतात आणि कडा ठळक करतात. त्यात असलेला ठिपका पुसला जातो किंवा नसलेला धूलिकण ठिपक्यासारखा उठून दिसतो. तोच फोटो व्हॉट्सअॅपवरून आला, म्हणजे आणखी दाबला जाऊन येतो. म्हणून मी विक्रेत्याला मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगतो. १९३९चा सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मीळ आहे आणि १९३८चा सहज मिळतो. त्यामुळे शेवटच्या आकड्यात फेरफार करून केलेले १९३९ बाजारात फिरतात. तो आकडा मला संपूर्ण पडदाभर मोठा करून पाहायचा असतो, त्याच्या भोवतालची चांदी शेजारच्या चांदीसारखीच आहे का, हे तपासायचे असते. १९११च्या रुपयाचे प्रकरण याच जातीचे आहे. पाचव्या जॉर्जच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली होती की तो लोकांना डुकरासारखा वाटला, त्यावरून नाराजी झाली आणि पुढच्या वर्षी कोरीव काम दुरुस्त करण्यात आले. तेव्हा साल १९११ आणि हत्तीची सोंड मात्र व्यवस्थित लांब, असे नाणे दिसले तर सालाच्या आकड्यांकडे संशयाने पाहावे. ही सोंड जेमतेम तांदळाच्या कणीएवढी असते. धूसर फोटोत हत्तीच दिसत नाही, मग सोंडेचे काय बोलावे.

कड हा तर फोटोतून कायमचा वगळला गेलेला भाग. खेड्यापाड्यांत चांदीच्या रुपयांचे हार करून घालण्याची रीत होती, त्यासाठी रुपयाच्या डोक्यावर कडी झाळत असत. पुढे हार मोडला, कडी काढली, जागा कानसली आणि रुपया बाजारात आला. समोरून पाहिले तर काहीच कळत नाही. मालेगावकडच्या एका तरुण विक्रेत्याशी याच विषयावर माझे फोनवर बोलणे झाले. तो म्हणाला, “काका, दोन्ही बाजू एकदम क्लिअर दिसतायत की. अजून काय पाहिजे?” मी म्हटले, “बाजू छान दिसतायत. कडेचा एक फोटो पाठवाल का? चारी बाजूंनी फिरवून. आणि काट्यावर ठेवून वजनाचा एक.” थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. कडेवरच्या उभ्या रेघा घड्याळातल्या बाराच्या ठिकाणी नखभर जागेत सपाट झालेल्या होत्या आणि तिथे झाळकामाचा फिकट पिवळसर डाग होता. “मी कधी कडेकडे बघितलंच नव्हतं, काका,” असे तो सरळ म्हणाला, आणि त्याने वर्णन बदलून किंमतही कमी केली. मी तो रुपया त्या कमी किमतीला घेतला. मला त्या डागासकट तो हवा होता, कारण कोणाच्या तरी गळ्यात तो होता हे त्यावरून कळते. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक नाण्याला कडेचा फोटो असतो.

साच्यात ओतून केलेल्या बनावट नाण्यांची लक्षणेही बहुधा कडेवरच सापडतात. दोन अर्धे जुळल्याची बारीक शीर, ती लपवण्यासाठी कानशीने मारलेले हात, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे आणि साबणाच्या वडीवरल्या अक्षरांसारखी बोथट झालेली अक्षरे. शिवराई, म्हणजे शिवकालापासूनचे तांब्याचे नाणे, घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, आणि शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन ‘घरात सापडला’ म्हणून दाखवणाऱ्या जाहिरातींपुढे तर विशेषच. अस्सल होन अत्यंत दुर्मीळ आहे, त्याच्या नकला पुष्कळ आहेत, आणि महाराजांच्या नावाशी जोडलेली भावना घेणाऱ्याचा हात लवकर सैल करते. तिथे फोटो जितका कमी दाखवेल, तितकी ती जाहिरात लवकर बंद करावी.

वजन आणि आकार यांविषयी थोडक्यात. ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो असला की अर्धी शंका मिटते. नहपानाचे नाणे पडदाभर मोठे दिसले तरी प्रत्यक्षात बोटाच्या नखाएवढे असते. शेजारी मोजपट्टी ठेवली, तर पाकीट उघडल्यावर कोणाची निराशा होत नाही. प्रमाणित, प्लॅस्टिकच्या पेटीत बंद केलेल्या नाण्यांबद्दल एवढेच सांगतो की पेट्यांच्याही नकला निघतात. पेटीवरचा क्रमांक प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या नोंदीत घालावा, तिथे फोटो असेल तर त्यातला एखादा ओरखडा आपल्या नाण्यावर त्याच जागी आहे का, हे शोधावे.

चांगला फोटो काढायला मोठा खर्च लागत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. उत्तरेकडच्या खिडकीचा उजेड सर्वांत प्रामाणिक. पावसाळ्यात नाशिकवर ढगांचे छत धरलेले असते, तेव्हाचा सकाळचा मऊ उजेड नाण्याला फार मानवतो. मोबाइल नाण्याला चिकटवू नये. जवळून घेतले की मधला भाग फुगतो आणि गोल नाणे किंचित वाकडे दिसते. एक हात अंतरावरून, मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर आडवा टेकवून, झूम करून घ्यावे. खाली करडा कागद असावा, कारण पांढऱ्या कागदावर चांदी काळपट येते आणि काळ्या कापडावर ती पांढरीफटक होते. घरातला पिवळा दिवा बंद करावा. त्याच्या उजेडात करडी चांदी सोनेरी दिसते आणि तांब्याची शिवराई नव्या भांड्यासारखी लाल. मग एक फोटो सरळ उजेडात, एक तिरक्या, एक कडेचा. नंतर रंग आणि ठळकपणा वाढवण्याचा मोह आवरावा. दोष दिसणारा फोटो मुद्दाम पहिला लावणारे विक्रेते मला भेटले आहेत, आणि त्यांच्याकडून घेताना मी घासाघीस करत नाही.

कायदाही या बाबतीत घेणाऱ्याच्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी जुळली पाहिजे, आणि वस्तू जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. जुन्या नाण्याच्या व्यवहारात दाखवलेला फोटो हीच जाहिरात. त्यामुळे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावून दुसऱ्याच नाण्याचा फोटो दाखवणाऱ्याला त्या पाटीमागे लपता येत नाही. मात्र त्यासाठी तो फोटो आपल्याकडे हवा, आणि विक्री झाल्यावर जाहिरात बहुतेक वेळा काढून टाकली जाते. पैसे पाठवण्यापूर्वीच सगळे फोटो, वर्णन आणि झालेले बोलणे जपून ठेवावे, हे मी प्रत्येकाला बजावतो.

हे जपलेले फोटो तक्रारीपुरतेच कामाचे नसतात. जोगलटेंभीच्या साठ्यातील नाणी आज ठिकठिकाणच्या संग्रहांत आहेत. त्या काळी प्रत्येक नाण्याचा वेगळा फोटो घेणे शक्यच नव्हते, त्यामुळे बाजारात एखादे फेरछाप नाणे आले तर ते त्याच साठ्यातले आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. आज ते शक्य आहे. हाताने पाडलेल्या प्रत्येक नाण्याची कड, तडा, ठशाची सरकलेली बाजू त्याची स्वतःची असते, आणि एक अचूक फोटो त्या नाण्याची ओळख पुढची कित्येक वर्षे पटवू शकतो. लिलावांच्या जुन्या सूचींशी ताडून पाहताना, एका रुपयावरचा काळा थर दोन विक्रींच्या दरम्यान रसायनाने उतरवला गेला होता, हे मला अशाच दोन फोटोंवरून कळले. डाव्या कडेचा तडा दोन्हींत तंतोतंत एक होता. म्हणून मी घेतलेल्या प्रत्येक नाण्याच्या फाइलला नाण्याचे वर्णन, वजन, कोठून व कधी घेतले हे नाव देऊन ठेवतो, विक्रेत्याचे फोटो आणि माझे फोटो शेजारी. नाणे कोणाला दिले, तर हे सगळे फोटो, कडेच्या फोटोसकट, त्याच्या स्वाधीन करतो.